कचेरीवाचून राज्य : पोलंडचा भूमिगत कारभार (१९३९ ते १९४५)



भूमिगत चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने काय उभे राहते? रुळांवरून घसरलेली आगगाडी, रात्रीच्या अंधारात कापलेल्या तारा, वेष पालटून गावोगाव फिरणारा पुढारी. बेचाळीसच्या आंदोलनाच्या आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या हकिगती ऐकत आलेल्या महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. परंतु या चित्रात एक वस्तू सहसा दिसत नाही, ती म्हणजे हिशेबाची वही. तार कापणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, पकडल्या गेलेल्याच्या बायकोला महिन्याचे पैसे कोण पोचवतो, एखाद्यावर फितुरीचा आळ आला तर तो खरा की खोटा हे कोण ठरवतो, हे प्रश्न पोवाड्यात येत नाहीत. इतिहासकाराला मात्र ते टाळता येत नाहीत. चळवळ शौर्याने सुरू होते हे खरे. परंतु पाच-पाच, सहा-सहा वर्षे ती टिकते ती कारभाराच्या बळावर.

या विवेचनासाठी मी पोलंडचे उदाहरण घेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जिंकलेल्या बहुतेक देशांत प्रतिकार झाला. फ्रान्समध्ये झाला, नॉर्वेत झाला, युगोस्लाव्हियात तर मोठी लढाईच झाली. परंतु शत्रूच्या डोळ्यांदेखत मंत्रालये, न्यायालये, विद्यापीठे, छापखाने आणि फौज असा राज्याचा सगळा संसार मांडला गेला, तो पोलंडात. यान कार्स्की या पोलिश दूताने १९४४ साली अमेरिकेत आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्याने ‘गुप्त राज्य’ हा शब्द घातला. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

पोलंड आपल्याला तसा अगदीच अनोळखी नाही. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. रशियाने पूर्व पोलंडमधून उचलून दूर नेलेली ही माणसे कोठून कोठे फिरत करवीरच्या परिसरात येऊन विसावली होती. युद्धकाळात ज्या लंडनस्थ पोलिश सरकारची ही प्रजा, त्याच सरकारचा भूमिगत कारभार तेव्हा वॉर्सा शहरात चालला होता. आज आपणाला पाहावयाचे आहे ते त्या कारभाराचे आतले स्वरूप.

सनदेचा प्रश्न

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून पोलंडवर स्वारी केली. महिनाअखेर वॉर्सा पडले. शहर शत्रूच्या स्वाधीन होण्याच्या एक-दोन दिवस आधी, २६ सप्टेंबरच्या रात्री, जनरल तोकाझेव्स्की याने एका गुप्त लष्करी संघटनेची स्थापना केली. म्हणजे उघड फौज शस्त्रे खाली ठेवीत असतानाच गुप्त फौज जन्माला आली. हीच संघटना दोनदा नाव पालटून १४ फेब्रुवारी १९४२ पासून ‘आर्मिया क्रायोवा’, अर्थात स्वदेशी सेना, म्हणून ओळखली जाऊ लागली.

पोलंडच्या पुढाऱ्यांनी पहिली दक्षता घेतली ती सनदेची. देश गेला म्हणून राज्य गेले असे त्यांनी मानले नाही. राष्ट्राध्यक्षाला युद्धकाळात आपला वारस नेमण्याचा अधिकार राज्यघटनेने दिला होता. त्या कलमाचा आधार घेऊन नवा राष्ट्राध्यक्ष नेमला गेला, जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाले, आणि हे सरकार प्रथम फ्रान्समध्ये व १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लंडनला बसले. घरी राहिलेली फौज या सरकारचीच फौज ठरली. शपथ घेणारा तरुण आपल्या टोळीप्रमुखाशी बांधला जात नव्हता, तो प्रजासत्ताकाशी बांधला जात होता. या बारीकशा फरकाचे महत्त्व फार मोठे आहे. टोळीला नायक असतो. नायक मेला की टोळी पांगते. राज्याला पदे असतात. माणूस गेला तरी पद उरते.

फौजेच्या जोडीला मुलकी बाजूही उभी केली होती. लंडनच्या सरकारचा एक प्रतिनिधी देशात गुप्तपणे राहून कारभार पाही. त्याच्या हाताखाली गृह, न्याय, शिक्षण, माहिती, समाजकल्याण अशी खाती युद्धापूर्वीच्या मंत्रालयांच्या धर्तीवर रचलेली होती. समाजवादी, शेतकरी, राष्ट्रीय आणि ख्रिस्ती श्रमिक हे चार प्रमुख पक्ष एका सल्लागार समितीत बसत. १९४४ च्या जानेवारीत तिचे रूपांतर राष्ट्रीय ऐक्य परिषदेत झाले आणि काझिमिएश पुझाक हा जुना समाजवादी कार्यकर्ता तिचा अध्यक्ष झाला. युद्धापूर्वी या पक्षांचे एकमेकांशी विळ्याभोपळ्याचे सख्य होते. ते एकाएकी नाहीसे झाले असे नव्हे. जहाल राष्ट्रवाद्यांचा एक गट आणि कम्युनिस्टांची सेना शेवटपर्यंत वेगळीच राहिली. परंतु भांडण करावयाचे ते बैठकीत, ही शिस्त मात्र बहुतांशी पाळली गेली.

अज्ञानाची शिस्त

आता एक विचित्र पेच पाहा. राज्य चालवावयाचे म्हणजे माणसांना एकमेकांची माहिती हवी. कोण कोणाच्या हाताखाली, कोणी कोणाला कळवायचे, हे ठाऊक हवे. गुप्तता राखावयाची म्हणजे नेमके उलट, कोणालाच काही ठाऊक नसलेले बरे. गेस्टापोच्या कोठडीत मनुष्य किती वेळ तोंड मिटून राहील याचा भरवसा कोण देणार? म्हणून नियमच असा होता की ज्याला जेवढे कामापुरते लागते तेवढेच त्याला सांगावे. पाचजणांचा लहान गट असे. गटातल्याने आपल्या नायकाला टोपणनावाने ओळखावे, त्याच्या वर कोण आहे हे विचारू नये. कोणी पकडला गेला की तो ज्यांना ज्यांना ओळखत होता त्यांनी तत्काळ घर आणि नाव बदलावे. पकडलेल्याकडून अपेक्षा एवढीच, की इतरांना पळ काढण्यापुरता वेळ त्याने मिळवून द्यावा. सर्वज्ञ पुढारी हा अशा संघटनेत सर्वांत मोठा धोका असतो.

मग या अज्ञानी माणसांना जोडणारा दोरा कोणता? तो होता निरोप्यांचा, आणि त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. वरचा हुकूम बारीक अक्षरात तलम कागदावर लिहावयाचा. निरोपी मुलीने तो ठरलेल्या दुकानात किंवा घरात ठेवावयाचा. दुसरीने तो तेथून उचलावयाचा. या ठिकाणाला त्यांच्या बोलीत ‘पेटी’ म्हणत. दोघींनी एकमेकींना पाहण्याची गरज नसे. खिडकीतली कुंडी जागेवर नसली तर आत जावयाचे नाही, अशासारख्या खुणा ठरलेल्या असत. कारण गेस्टापो पकडलेल्या घरात दबा धरून बसे आणि येईल त्याला आत ओढी. अशा घराला त्यांनी नाव दिले होते ‘कढई’. शहरभर दिवसाला वीस-वीस फेऱ्या घालणाऱ्या या मुलींच्या पायांवर सेनापतीची कचेरी चालत होती असे म्हटले तर वावगे होणार नाही. एल्झ्बिएता झावात्स्का ही गणिताची शिक्षिका सीमा ओलांडून लंडनला पोचली आणि १९४३ च्या सप्टेंबरमध्ये हवाई छत्रीने परत पोलंडात उतरली. ब्रिटनमध्ये तयार होऊन अशा रीतीने मायदेशी उतरलेल्या ३१६ सैनिकांत ती एकटीच स्त्री होती.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती १९४३ साली. फेब्रुवारीत सरकारचा प्रतिनिधी प्येकाउक्येविच पकडला गेला आणि पुढे कोठडीत छळाने मेला. ३० जूनला स्वदेशी सेनेचा सेनापती जनरल रोवेत्स्की फितुरीने गेस्टापोच्या हाती लागला. त्यानंतर चारच दिवसांनी पंतप्रधान सिकोर्स्की जिब्राल्टरजवळ विमानाच्या अपघातात मृत्यू पावले. एखादी टोळी असती तर येथेच संपली असती. पण प्रतिनिधीच्या जागी यान्कोव्स्की आला, रोवेत्स्कीच्या जागी त्याचा दुय्यम कोमोरोव्स्की आला, आणि दोरा तुटला नाही. १९४४ पर्यंत या सेनेत शपथ घेतलेल्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर गेली. त्यांतल्या फार थोड्यांजवळ बंदूक होती, हे मात्र ध्यानात ठेवावयाचे.

पैसा, कागद आणि शाई

सेनापतीच्या कचेरीचे विभाग कोणत्याही उघड फौजेसारखेच होते. संघटना, हेरखाते, शिक्षण व मोहिमा, रसद, दळणवळण, प्रचार आणि अर्थ अशी त्यांची वाटणी होती. पैसा मुख्यतः लंडनहून येई. हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांच्या कमरेला डॉलरांनी भरलेले पट्टे असत. परंतु तेवढ्यावर भागत नसे. १२ ऑगस्ट १९४३ रोजी वॉर्साच्या भर रस्त्यात बँकेची मोटार अडवून स्वदेशी सेनेच्या तुकडीने १० कोटींहून अधिक झ्लॉटी हस्तगत केले. बँकेतील आपल्याच माणसांनी मोटारीची वेळ आणि वाट कळविली होती. अशा प्रसंगी दरोडा आणि सरकारवसुली यांत फरक एकच असतो: पैसा कोठे जमा झाला आणि कोणाच्या सहीने खर्ची पडला. म्हणूनच पावत्या आणि हिशेब या गोष्टींवर तेथे कटाक्ष होता. मग त्या पावतीवर खरे नाव नसो.

कागदांचे दुसरे खाते खोट्या दाखल्यांचे. जन्माचा दाखला, कामाचे ओळखपत्र, रात्री फिरण्याचा परवाना, हे सगळे शिक्क्यांसह तयार होई. तिसरे खाते वर्तमानपत्रांचे. पोलिश माणसाला रेडिओ बाळगण्याची बंदी होती. त्यामुळे गुप्तपणे लंडनच्या बातम्या ऐकून त्या छापणे हे पहिले काम झाले. ‘बिउलेतिन इन्फोर्मात्सिइनी’ हे साप्ताहिक नोव्हेंबर १९३९ पासून निघू लागले. बालवीर चळवळीतला अलेक्सांदर कामिन्स्की त्याचा संपादक. चक्रमुद्रणावर काढलेल्या थोड्या प्रतींपासून सुरू झालेल्या या पत्राचा खप पुढे ४० हजारांवर गेला. युद्धकाळात पोलंडात लहानमोठी हजाराहून अधिक गुप्त नियतकालिके निघाली. एक अंक घरात सापडला तर घरमालकाला छळछावणी ठरलेली. तरीही वाचणाऱ्याने तो पुढच्याला द्यावयाचा, ही रीत होती.

यापेक्षा बेरकी युक्ती म्हणजे ‘श्वित’ हे नभोवाणी केंद्र. पोलंडातूनच कोणीतरी बोलत आहे असे ऐकणाऱ्याला वाटे. वस्तुतः केंद्र इंग्लंडात होते. वॉर्साहून स्तेफान कोर्बोन्स्की दररोज बिनतारी संदेशाने ताज्या बातम्या पाठवी, आणि काल आपल्या गल्लीत घडलेली गोष्ट आज नभोवाणीवर ऐकून लोक चकित होत. शत्रूचा धाक निम्मा असतो तो ‘आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही’ या भावनेत. ती भावनाच या बातम्यांनी मोडली.

घरोघरची शाळा

हिम्लरने १९४० साली लिहून ठेवले होते की पूर्वेकडील लोकांना पाचशेपर्यंत मोजता आले आणि सही करता आली की पुरे. वाचता येण्याची गरज नाही. त्याआधीच, ६ नोव्हेंबर १९३९ रोजी, क्रॅकोच्या याग्येलोनियन विद्यापीठातील अध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून १८३ जणांना पकडले गेले आणि त्यांतील बहुतेकांची रवानगी छळछावणीत झाली. माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे बंद झाली. शिक्षकांनी याचे उत्तर दिले ते वर्ग घरात हलवून. पाच-सहा मुले, एक मास्तर, आज एकाचे घर तर उद्या दुसऱ्याचे. परीक्षा होत, गुणपत्रके होत. ती लपवून ठेवावी लागत. शिवणकामाच्या किंवा व्यापाराच्या परवानगी असलेल्या शाळेत दार लावून इतिहास आणि वाङ्मय शिकवले जाई. परिचारकांची शाळा म्हणून जर्मनांकडून परवाना मिळवायचा आणि आत डॉक्टर तयार करावयाचे, असा प्रयोग वॉर्सात यशस्वी झाला. पुढे १९७८ मध्ये पोप झालेले कारोल वोय्तिवा हे क्रॅकोत अशाच गुप्त पाठशाळेत धर्मशास्त्र शिकले.

या कामाला बंदूक लागत नव्हती, म्हणून ते कमी धोक्याचे होते असे समजू नये. येथे मला एक गोष्ट विशेष वाटते. उद्याचा दिवस पाहू की नाही याची खात्री नसलेली मुले बीजगणिताची परीक्षा देत होती. युद्ध संपणार, राज्य उघडपणे चालणार, आणि तेव्हा त्याला अभियंते व वैद्य लागणार, हे कोणीतरी गृहीत धरले होते. हे गृहीतच त्या राज्याचा खरा पाया होता.

फाशीचा अधिकार

परंतु राज्य म्हटले की दंड आला, आणि दंडाचा प्रश्न सर्वांत अवघड. देशात पैशासाठी माणसे विकणारे होते. त्यांना मारावे की नाही हा वाद नव्हता. कोणी आणि कोणत्या पुराव्यावर मारावे, हा होता. प्रत्येक पिस्तुलधाऱ्याने आपापल्या समजुतीने न्याय करावयाचा ठरवला तर शेजाऱ्याशी असलेले बांधाचे भांडणही फितुरीच्या नावाखाली मिटविता येते. म्हणून विशेष न्यायालये नेमली गेली. त्यांत कायदा शिकलेली माणसे असत. आरोप मांडणारा निराळा, निकाल देणारे निराळे. आरोपी बहुधा गैरहजर असे, हा दोष उघड आहे. त्यावर तोड म्हणून न्यायाधीशांपुढे तिसरा मार्ग ठेवला होता: पुरावा अपुरा वाटला तर खटला युद्ध संपेपर्यंत राखून ठेवावा. मृत्युदंडाला वरिष्ठांची मंजुरी लागे, आणि तो अमलात आल्यावर गुप्त पत्रांत व भिंतीवरच्या कागदांवर जाहीर होई. लहान अपराधांना ठपका, बहिष्कार, फटके अशा शिक्षा होत्या. चुका झाल्याच नसतील असे कोणी म्हणणार नाही. पण सूड आणि शिक्षा यांत रेघ ओढण्याचा प्रयत्न झाला, हे नाकारता येत नाही.

याहून जड प्रश्न ओलिसांचा होता. ७ मार्च १९४१ रोजी जर्मनांना मिळालेला नट इगो सिम याला ठार मारण्यात आले. थोड्याच दिवसांत जर्मनांनी २१ ओलिसांना गोळ्या घातल्या. १ फेब्रुवारी १९४४ रोजी वॉर्साचा पोलीसप्रमुख कुचेरा मारला गेला. लगोलग सुमारे ३०० लोकांचे शिरकाण झाले. कार्स्की स्वतः १९४० मध्ये पकडला गेला असताना त्याला रुग्णालयातून सोडविण्यात आले. त्या सुटकेपायी पुढल्या वर्षी ३२ जणांना मृत्यू आला. कुचेरानंतर काही आठवड्यांत रस्त्यांवरच्या जाहीर गोळीबारांना खंड पडला, हे खरे. परंतु पडद्याआड, ओसाड पडलेल्या ज्यू वस्तीच्या अवशेषांत, माणसे मरतच राहिली. एकाला मारल्याने किती वाचतील आणि किती मरतील, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. तरी तो कोणाला तरी करावा लागत होता.

ज्यूंच्या बाबतीत हे राज्य कितपत सर्वांचे होते, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. ४ डिसेंबर १९४२ रोजी ‘झेगोता’ या सांकेतिक नावाची ज्यू साहाय्य समिती औपचारिकपणे स्थापन झाली. तिला गुप्त सरकारकडून पैसा मिळे. खोटे दाखले, लपण्याची घरे आणि दरमहा मदत ती पुरवी. तिच्या बालविभागाची प्रमुख इरेना सेंडलर हिचे नाव आता जगभर झाले आहे. ज्यूला आसरा देणाऱ्याला पोलंडात मृत्यूची शिक्षा होती, हे लक्षात घेता हे काम थोर आहे. पण वस्तीतील बहुतेकांना तोपर्यंत ट्रेब्लिंकाच्या वाटेला लावून झाले होते. १९ एप्रिल १९४३ ला वॉर्साच्या ज्यूंनी उठाव केला, तेव्हा स्वदेशी सेनेने त्यांना दिलेली शस्त्रे अगदीच थोडी होती. लपलेल्या ज्यूंना धमकावून पैसे उकळणारे पोलिश लोकही होते, आणि त्यांतील थोड्यांनाच शिक्षा झाली. राज्याच्या परीक्षेत हाही एक विषय होता, आणि त्यात मिळालेले गुण बरे नाहीत.

त्रेसष्ट दिवस

१९४४ च्या जुलैअखेर रशियन फौजा वॉर्साजवळ येऊन ठेपल्या. याच सुमारास पोलिश भूमिगतांनी जर्मन व्ही-२ अग्निबाणाचे सुटे भाग विमानाने इंग्लंडला पोचविले होते. हेरखात्याच्या कर्तबगारीची ती परमावधी होती. आता प्रश्न असा पडला की राजधानी रशियनांनी मुक्त करावी आणि आपण पाहत बसावे, की आपणच ती घेऊन घरधनी म्हणून त्यांना सामोरे जावे? ३१ जुलैला कोमोरोव्स्कीने निर्णय घेतला, यान्कोव्स्कीने मान्यता दिली, आणि १ ऑगस्टला सायंकाळी ५ वाजता उठाव सुरू झाला.

पाच वर्षे अंधारात चाललेले राज्य त्रेसष्ट दिवस उजेडात आले. शहराच्या मोकळ्या भागात वर्तमानपत्रे उघड छापली गेली, बालवीरांनी टपाल चालविले, कायद्यांचे राजपत्र निघाले, नभोवाणी बोलू लागली. परंतु रशियन फौज नदीपलीकडे थांबली. २ ऑक्टोबरला शरणागती झाली. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. उरलेल्यांना बाहेर घालवून जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे पाडले.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर पोलंडात पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. माझ्या मते त्या निर्णयातच गुप्त राज्याची मर्यादा दिसते. न्यायालये होती, खाती होती, परिषद होती. परंतु ज्या दहा लाख लोकांच्या डोक्यावर छप्पर राहणार की नाही हे ठरणार होते, त्यांना विचारण्याची सोय कोठेच नव्हती. असूही शकत नव्हती. ज्या गुप्ततेने राज्य जगविले, त्याच गुप्ततेमुळे शेवटचा निर्णय एका खोलीतल्या मूठभर माणसांकडे आला. ती माणसे सत्तालोभी नव्हती, बेजबाबदारही नव्हती. तरीही त्यांच्याजवळ बातमी अपुरी होती, वेळ नव्हता, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला नागरिक त्या खोलीत नव्हता.

शेवटही कडूच झाला. १९ जानेवारी १९४५ रोजी स्वदेशी सेना विसर्जित झाली. मार्चअखेर रशियनांनी बोलणी करण्याच्या मिषाने यान्कोव्स्की, पुझाक, शेवटचा सेनापती ओकुलित्स्की आणि इतर पुढाऱ्यांना धरले. जूनमध्ये मॉस्कोत सोळाजणांवर खटला चालला. ओकुलित्स्की आणि यान्कोव्स्की रशियन तुरुंगातून परत आले नाहीत. घातपात विभाग उभारणारा फील्डोर्फ याला १९५३ मध्ये त्याच्या स्वतःच्या देशातच फासावर चढविण्यात आले. त्याच्या निर्दोषत्वाची ग्वाही मिळावयास १९८९ साल उजाडावे लागले.

मग या साऱ्या खटाटोपाने काय साधले? राज्य तर हातचे गेले. याचे उत्तर मला त्या चोरून घेतलेल्या परीक्षांत दिसते. युद्ध संपल्यावर बंद घरांत शिकलेली मुले डॉक्टर म्हणून, शिक्षक म्हणून, स्थापत्यकार म्हणून भाजलेल्या शहरात परतली आणि वॉर्सा पुन्हा उभे राहिले. ज्या समाजाने सक्तीच्या अंधारातही पुरावा मागण्याची, पावती घेण्याची आणि परीक्षा देण्याची सवय मोडू दिली नाही, त्याचे राज्य काही काळ हिरावून घेता येते; त्याची राज्य करण्याची पात्रता हिरावून घेता येत नाही. भूमिगत चळवळीच्या इतिहासाकडे पाहताना आपणही बंदुकीबरोबर या सवयीचा शोध घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.